जुन्या गावात कॅमेरा निघाला की

दिग्रसच्या जुन्या वस्तीत मी कॅमेरा खांद्यावर घेऊन निघालो की पहिलं घर तेलघाणीचं लागायचं. तिथली म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसलेली असायची. मला पाहिलं की तिचा हात सुपातच थांबायचा.

"कोन गेलं बाप्पा?"

"कोनी नाही आजी. गल्लीचा फोटो काढून राह्यलो."

"गल्लीचा?" ती क्षणभर विचार करायची. "मंग गल्लीत कोन गेलं?"

हे एकदा झालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ते दर खेपेला व्हायचं. पुढच्या वळणावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलून माझ्याकडे बघत राहायचा. बाया अंगणातल्या पोरांना हाताला धरून आत न्यायच्या. कापडाच्या दुकानातले लोक बोलता बोलता गप्प व्हायचे आणि मी पार पुढे जाईपर्यंत गप्पच राहायचे. मी तेव्हा विशीतला होतो आणि मला राग फार लवकर यायचा, अजूनही येतो. एवढ्या गजबजलेल्या गावातून आपण चालतोय आणि आपल्याभोवती मात्र सतत एक मोकळी जागा आहे, याची सवय काही मला झाली नाही.

दोष लोकांचाही नव्हता. त्या काळी आमच्या भागात फोटो काढून घ्यायला बसतं कोण? कापसाच्या जिनवाल्या शेठच्या घरी लग्न निघालं तर ते यवतमाळहून माणूस बोलवायचे. बाकीच्यांना फोटोची आठवण व्हायची ती घरातल्या माणसाचा श्वास थांबल्यावर. मग कोणीतरी धावत आमच्या दाराशी यायचं. बाबा सागवानी कॅमेरा, लाकडी स्टँड आणि काळं कापड घेऊन निघायचे. शिवाय एक हातांची खुर्ची. ती आमच्याच घरून जायची, कारण बऱ्याच घरांत खाट असायची, पण हातांची खुर्ची नसायची. गेलेल्या माणसाला आंघोळ घालून, डोक्याला फेटा बांधून त्या खुर्चीत बसवायचे. तो पुढे कलू नये म्हणून धोतराची घडी छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधायची आणि तिच्यावर उपरणं पांघरायचं. मागे सगळं घर उभं राहायचं. पुढे कोणी म्हटलंच तर बाबा छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशाने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढून द्यायचे.

"मेलेल्या मानसासारखं गिऱ्हाईक नाही," बाबा म्हणायचे. "हलत नाही." मागे उभ्या असलेल्या जिवंत माणसांवर मात्र ते खेकसायचे. "हलू नका!" हे बाबांचे दोन शब्द साऱ्या गावाला पाठ होते.

तर आमचा कॅमेरा रस्त्याने निघाला म्हणजे कुठेतरी मयत झाली, हे गावाचं गणित होतं. लग्नाची अक्षत आमच्या घरी यायची, पण देणारा उंबऱ्याबाहेरूनच देऊन जायचा. आम्हीही लग्नाला जायचो ते पंगतीच्या टोकाला बसून लवकर परत यायला.

माझी आई मी लहान असताना गेली. घरात कॅमेरा, घरात फोटोच्या काचेच्या प्लेटा, काढणारा नवरा घरातच. तरी तिचा जिवंतपणीचा एकही फोटो नव्हता. उद्या काढू, सणाला काढू, असं करत राहून गेलं. शेवटी तीही त्याच खुर्चीत बसली. तिचेही डोळे बाबांनीच ब्रशाने काढले. तो फोटो समोरच्या खोलीत होता आणि मी त्याच्याखाली लहानाचा मोठा झालो. डोळे सुंदर होते, बाबांचा हात चांगला होता. पण खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो तरी ते डोळे माझ्याकडे बघायचे नाहीत. लहानपणी मी पाटावर चढून, खाली वाकून, दाराआडून असं सगळीकडून बघून पाहिलं होतं.

छप्पन साली मॅट्रिक होऊन मी यवतमाळहून घरी आलो. त्याच वर्षी आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. म्हणजे गाव जागेवरच होतं, पाट्या तेवढ्या बदलल्या. त्याच वर्षी बाबांचं डावं अंग गेलं. घरातल्याच स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. त्या खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. धंदा माझ्याकडे आला, आणि बोलावणी आली की तो काळा पसारा घेऊन मी जाऊ लागलो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. बाबांचा फोटो काढायचा, ते जिवंत असताना काढायचा. ब्रशाने काढलेल्या डोळ्यांचा आणखी एक फोटो मला त्या घरात नको होता.

मी त्यांना सांगितलं तेव्हा ते भडकले. "त्या खुर्चीत बसवाची घाई झाली का तुले?"

"खुर्चीत नका बसू. खाटेवरच काढतो."

"बिमार मानसाचा फोटो कायले पाह्यजे?"

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी स्वतःच म्हणाले, "माहा नको काढू. गल्लीचा काढ. दोन वर्सं झाली, मी रस्ता पाह्यला नाही. सारं जुनं गाव आणून दाखव मले, मंग तू म्हनशीन तसा बसतो."

मी लगेच कबूल झालो.

कामं नसायची त्या दिवसांत मी गल्ल्या घेऊ लागलो. मारुतीचा पार आणि त्यावरचा पिंपळ, मशिदीचा कोपरा, धर्मशाळेची कमान, कापडवाल्यांची ओळ, नदीवर उतरणाऱ्या पायऱ्या, जिनाचं धुराडं. आमच्या प्लेटा जुन्या आणि मंद होत्या. भिंगाची टोपी काढून मनात आकडे मोजत थांबायचं आणि मग टोपी लावायची. तेवढ्या वेळात जो चालत गेला तो प्लेटेवर उमटतच नाही. मला हे माहीत होतं, पण बाजाराच्या दिवसाची पहिली प्लेट धुतली तेव्हा मीही चमकलो. भर बाजारात, धक्के खात मी ती काढली होती. प्लेटेवर गाड्या होत्या, उभ्या जागी झोपलेले बैल होते, पालांच्या काठ्या होत्या, खांबाला टेकून बसलेला एक भिकारी होता. बाकी सगळा रस्ता मोकळा. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाचा हंगाम, हवेत सगळीकडे रुई उडायची आणि ओल्या प्लेटांना चिकटायची. छापल्यावर त्या रिकाम्या रस्त्यांवर पांढरे केस पडलेले दिसायचे.

बाबा चांगल्या हाताने फोटो धरून कंदिलाजवळ न्यायचे.

"लोकं कुठं गेले रे?"

"हलले," मी म्हणायचो.

मला वाटलं होतं, ते कमानीकडे बघतील, पिंपळाकडे बघतील. ते घरं बघत होते. एकेका दारावर बोट ठेवायचे. "इथची सासू. हिवाळ्यात गेली, बोटं वाकत नव्हती. इथचा जवाई. इथं दोघं बाप-लेक, एकाच उन्हाळ्यात." सगळं जुनं गाव त्यांना असंच माहीत होतं. त्या दारांतून ते आत गेले होते ते फक्त खुर्ची घेऊन. मी आणलेला प्रत्येक फोटो ते असा वाचून दाखवत, आणि मी दुसऱ्या दिवशी त्याच दारांवरून जायचो. मला त्या गावाचा, त्या धंद्याचा आणि त्यांचाही वीट आला.

एका संध्याकाळी मी ओरडलो. "बाबा, या गावात कोनी जितंबी राह्यते का?"

त्यांनी फोटो छातीवर पालथा ठेवला.

"राह्यत असन," मग म्हणाले. "मले कोनी बलावलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच विषय काढला. फोटो पुरे झाले, आता मलाच ने.

न्यायचं कसं? आमच्या शेजारी कल्हईवाले चाचा राहायचे. गावाने आमच्याभोवती सोडलेली मोकळी जागा त्यांना कधी दिसलीच नव्हती; सकाळी भाता पेटवला की ते बाबांना भिंतीवरूनच हाक मारायचे. त्यांच्याकडे भांडी आणायची हातगाडी होती. "मय हूं ना, बाबू," ते म्हणाले, "गाडी काहेकू है?" गाडीवर बसायला काहीतरी हवं, आणि हातांची खुर्ची घरात एकच होती. मी बाबांकडे बघितलं. ते त्या खुर्चीकडे बघत होते.

"ठेव," म्हणाले. "मी जितेपनी बसतो, ते काय खाते का मले?"

डावं अंग लुळं असल्यामुळे ते एका बाजूला कलत होते. म्हणून मी धोतराची घडी त्यांच्या छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली. थंडी होती म्हणून उपरणं पांघरलं. उघड्या डोक्याने बाबा कधी घराबाहेर पडले नव्हते, म्हणून फेटा बांधला. दाराबाहेर येताच इतक्या दिवसांनी ऊन तोंडावर आलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. चाचा गाडी ढकलू लागले. पारापाशी मनासारखा उजेड मिळाला तर बाबांना बोलल्याप्रमाणे बसवावं, म्हणून कॅमेरा खांद्यावर घेऊन मी पुढे चालू लागलो. प्लेट शेवटचीच उरली होती.

हे सगळं एकत्र कसं दिसत होतं, ते आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तेलघाणीपाशी म्हातारीने त्या दिवशी काही विचारलं नाही. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि ती उठून उभी राहिली. मला वाटलं, चला, एकदाची सवय झाली. न्हाव्याने दुकानाची फळी लावली. कापडवाल्यांच्या ओळीत एकामागून एक फळ्या लागू लागल्या. मी पुढे बघत चाललो होतो, प्रकाश कसा पडलाय ते बघत. मशिदीच्या कोपऱ्यावर चाचा हळूच म्हणाले, "बाबू, पीछे देख जरा."

मी वळलो. मागे अर्धं गाव होतं. माणसं मान खाली घालून, एक शब्द न बोलता गाडीमागून चालत होती. बाया त्यांच्या मागे. तेलघाणीची म्हातारी रडत होती, मोठ्याने. "लय गुनाचा मानूस होता वो! माह्या मालकाचे डोये कसे काढले होते, जसे आत्ता बोलतीन!" तिचं ऐकून आणखी दोघीतिघींनी सूर लावला.

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कोन गेलं रे?"

चाचा गाडीवर वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "आपईच गए, भाईसाब."

आता ते ओरडतील, धोतर सोडायला सांगतील, असं मला वाटलं. बाबांच्या मिशा थोड्या हलल्या.

"चालू दे," ते पुटपुटले. "आयकू दे मले."

कोपऱ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत माझे वडील डोळे मिटून स्वतःबद्दल ऐकत गेले. कोणी म्हणत होतं, एवढ्या लोकांच्या दुःखाला धावून गेला, याच्या घरी आपण कधी गेलो नाही. कोणी म्हणत होतं, पोरगा एकटा पडला. माझ्याकडे बघून ते म्हणत होते, आणि मी मान खाली घालून चालत होतो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. मेल्याचं सोंग होतं, पण ते जे म्हणत होते ते खरंच होतं. मी एकटाच होतो.

पारावर गाडी थांबली. चाचांनी आणि मी खुर्ची खाली उतरवली. लोक भोवती जमले. बाबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले, "कोनीतरी च्या सांगा गड्या. घसा सुकला."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. दोन बाया किंचाळून पळाल्या. न्हावी मारुतीच्या देवळात शिरला. म्हातारी आधी मटकन खाली बसली आणि मग उठून बाबांना शिव्या देऊ लागली. तिला आवरेपर्यंत सगळा पार हसत सुटला होता. चहा आला. बाबांसाठी आला, चाचांसाठी आला आणि एक कप माझ्याही हातात आला. मी या गावात जन्मलो, पण जुन्या वस्तीत कोणी आपण होऊन माझ्या हातात चहा दिल्याचं मला आठवत नाही, त्याच्या आधीचं तरी नाही.

"काढ आता फोटो," कोणीतरी म्हणालं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. गाव पाहून झालं होतं आणि ते शब्दाचे पक्के होते.

मी स्टँड उभा केला. लोकांना कुठे उभं राहा हे सांगावं लागलं नाही. ती खुर्ची समोर असताना कसं उभं राहायचं हे त्या गावाला माहीत होतं. मागे दाटीवाटीने, हात सरळ खाली, तोंडं गंभीर. आत्ता हसत होती तीच माणसं. चाचांना स्वतःचा फोटो चालत नसे; फरशी उंचसखल होती म्हणून ते खुर्चीमागे उकिडवे बसून तिला धरून राहिले. मी काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बाबा उलटे दिसत होते, दोन्ही डोळे उघडे, सरळ माझ्याकडे बघत. आईच्या फोटोत मी लहानपणभर जे शोधलं ते मला त्या काचेवर दिसलं. मी बाहेर आलो, टोपीला हात लावला आणि ओरडलो, "हलू नका!"

टोपी काढली, आणि बाबांना हसू फुटलं.

आयुष्यभर हे दोन शब्द त्यांनी दुसऱ्यांना ऐकवले होते. त्यांना कोणी ऐकवायची ही पहिली वेळ. ते तोंड मिटून हसले, मग तोंड उघडून हसले, फेटा हलला, खांदा हलला. मागचं गाव तसंच ताठ उभं. मी टोपी परत लावली तरी ते हसतच होते.

लाल दिव्याखाली मी ती प्लेट धुतली. एकेक करून सगळे वर आले. न्हावी आला, कापडवाले आले, म्हातारीच्या तोंडावरची सुरकुती न् सुरकुती आली. खुर्चीच्या पाठीवर चाचांची चार बोटं आली. खुर्चीचे हात, उपरण्याचे काठ, सगळं स्वच्छ. आणि फेट्याखाली, जिथे चेहरा हवा, तिथे नुसता एक धुरकट डाग. मी ती प्लेट हातात धरून रडलो. ओरडून रडलो असतो, पण भिंतीपलीकडे बाबा जागे होते.

छापलेला फोटो त्यांनी कंदिलाजवळ नेला. बराच वेळ बघितलं. या वेळी त्यांनी कोणावरही बोट ठेवून त्याच्या घरचं कोण कधी गेलं ते सांगितलं नाही.

"सारे आले," म्हणाले.

"तुमीच नाही आले बाबा. पुन्हा काढू. मी नागपूरहून प्लेटा मागवतो."

"काढला ना एकदा? मी बसलो होतो का नाही?"

प्लेटा आल्या, पण ते पुन्हा बसायला तयार झाले नाहीत. मी चिडलो, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. सकाळी घर माणसांनी भरलं. आता लोक आमच्या उंबऱ्याच्या आत येत होते. त्यांनीच बाबांना आंघोळ घातली, फेटा बांधला आणि आपण होऊन खुर्ची आणून मध्ये ठेवली. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आता चेहरा नीट येईल, बाबा हलणार नाहीत, हे मलाही कळत होतं.

"खुर्ची उचला," मी म्हणालो. "त्याहिचा फोटो आहे माह्यापाशी."

तो भिंतीवर आईच्या शेजारी आहे. बाबांचे बारीक ब्रश अजून डब्यात आहेत, आणि त्या धुरकट जागी निदान डोळे तरी काढ, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी ब्रशाला हात लावलेला नाही. साऱ्या गावाने मेल्यासारखं उभं राहून काढून घेतलेला फोटो आहे तो. जिवंत आहेत ते त्यात एकटे बाबाच.